चौथा महिना

"मूल नाही," डॉक्टर म्हणाले. पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात, खिडकीच्या उजेडात त्यांनी इंदूच्या पोटाचा फोटो धरला होता. "आणि कधी नव्हतंच. तुझ्या जठराचं खालचं तोंड आकसून बंद झालंय. आता खरं सांग, काय प्यायली होतीस?"

इंदू टेबलावर उठून बसली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. नवरा सयाजी औषधं आणायला गेला होता, सासू दुर्गाबाई बाहेर व्हरांड्यात होती.

"अ‍ॅसिड," ती हळूच म्हणाली. "बॅटरीचं. ह्यांनी डेपोतनं आनलेलं. एकच घोट ग्येला."

सयाजी देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होता. घर आकुर्डीत. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता आणि दुर्गाबाईच्या जिभेला हाड नव्हतं. भावकीत बारसं असलं की ती सुनेला घरीच ठेवायची. वांझेची सावली पाळण्यावर नको म्हणायची, तेही चारचौघींच्या देखत. छप्पन सालच्या चैत्रात मारुंजीहून पाहुणे आले. सयाजीसाठी दुसरी मुलगी सांगून आली होती. पाहुण्यांचा चहा इंदूनेच केला. ते बशीतून फुर्र फुर्र पीत होते, तेव्हा मागच्या पडवीत तिने तो घोट घेतला. मरण काही आलं नाही. तोंड सोलून निघालं. उष्णतेने तोंड आलंय म्हणून सासूने तूप लावायला दिलं, आणि पंधरा दिवसांनी इंदू पुन्हा धुण्याभांड्याला लागली.

महिन्याभराने उलट्या सुरू झाल्या. सकाळची भाकरी संध्याकाळी जशीच्या तशी बाहेर पडायची. जेवलं की पोट फुगायचं. पाळीही चुकली. सुईण अंबुबाईने पोटाला हात लावला न लावला आणि दिवस गेल्याचं सांगून टाकलं. खुळी इंदूसुद्धा हरखली. देवाने मरू दिलं नाही ते ह्याच्यासाठीच, असं तिला वाटलं.

घर एका दिवसात पालटलं. मारुंजीला नकाराचा निरोप गेला. दुर्गाबाई सुनेला जड काही उचलू देईना. स्वतः विहिरीवरून पाणी आणू लागली. आवळे, चिंचा, जे मागेल ते हजर. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने सुनेच्या डोक्याला तेल लावलं, आणि लावता लावता रडली. इंदूही रडली. दोघींचं रडणं खरं होतं, हेच वाईट.

पण उलट्या थांबेनात. चौथ्या महिन्यात इंदूच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा कुठे सयाजीने तिला पुण्याला आणलं.

डॉक्टर समजावून सांगत होते. पोटात अन्न टिकत नाही, अंगात रक्त उरलं नाही, म्हणून पाळी थांबली होती. आधी चार दिवस सलाईन लावून अंगात ताकद आणायची. मग जठराला छेद देऊन त्याला आतडं जोडायचं. जुनं तोंड बंदच राहील, पण अन्नाला नवी वाट मिळेल. "महिन्याभरात भाकरी खाशील. एकही उलटी होणार नाही."

"मग मूल व्हईल?"

"ते वेगळं. त्याची खात्री मी कशी देऊ?"

बाहेर दुर्गाबाई कुणावर तरी खेकसत होती, "आवं, बाकड्यावर जागा करा की जरा! माझी सून येतीया, पोटुशी हाय ती!"

आवाज आत नीट ऐकू आला. इंदू दाराकडे बघत राहिली.

"आन न्हाई केलं आपरेशन, तर?"

"तर दोन महिनेसुद्धा काढणार नाहीस," डॉक्टर चिडून म्हणाले.

इंदू टेबलावरून उतरली. तिला भोवळ आली, नर्सने दंड धरला. तो हळूच सोडवून तिने पदर पोटावरून नीट ओढून घेतला.

"भाईर काई सांगू नगा, सायेब," ती म्हणाली. "दोन म्हयने लई झालं. तवर मला कुनी वांझ म्हनायचं न्हाई."