शेपूट तुटलेला सहा

गॅरेजात मास्तरांनी झीज मोजायचं बोअर गेज तिसऱ्यांदा सिलिंडरमध्ये सोडलं. काटा पुन्हा तिथेच थांबला. मास्तरांचं तोंड बघून आकडा काही बदलणार नव्हता, तरी त्यांनी गेज पुसलं आणि चौथ्यांदा घातलं.

समोर होडीवाली उभी होती. घाटावर तिला सगळे पायाळू म्हणत, कारण बाई पाय आधी टाकून जन्माला आली होती. गेल्या वर्षी बाप गेला आणि माणसं पैलतीरी नेणारी होडी तिच्या हाती आली. त्या होडीचं दोन सिलिंडरचं म्हातारं इंजिन आता मास्तरांच्या टेबलावर उघडं पडलं होतं. महिनाभर ते धूर ओकत होतं, तेल पीत होतं, आणि परवा भर प्रवाहात बंद पडलं होतं.

"एक माप वाढवा आणि नवे पिस्टन टाका," ती म्हणाली. "तुमच्या हातचा मळ आहे."

होता खरा. सिलिंडर झिजला की आतून थोडा कापून मोठा करायचा आणि त्या मापाचा पिस्टन बसवायचा. पण कापलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून आधी वीसचं माप, पुढच्या खेपेला चाळीसचं, मग साठचं. साठ म्हणजे शेवटची पायरी, त्यापुढे नुसता खड्डा. इंजिनाला देवाने तीन जन्म दिलेत, ते एकेक करून वापरा, असं मास्तर येईल त्याला ऐकवत. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला येवो, गरजेपेक्षा केसभर जास्त ते कापत नसत. बाजारात त्यांना चिक्कू मास्तर म्हणत. म्हणोत बापडे.

इंजिनाच्या ब्लॉकच्या कडेला काजळीखाली काहीतरी ठोकलेलं होतं. कापणारा आपलं माप आणि तारीख तिथे आकडे ठोकायच्या पंचाने उमटवून ठेवतो, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. मास्तरांना ते न पुसताच ठाऊक होतं. होडीवालीने मात्र नखाने काजळी खरवडली. खाली साठ निघाला, आणि त्यातल्या सहाचं शेपूट अर्धवट तुटलेलं होतं.

मग मास्तरांना सांगावंच लागलं. आतून साठ कापलेलं, बाहेरून नदीच्या पाण्याने खाल्लेलं. मधली भिंत नखाएवढी उरलीय. आत नवी नळी ठोकून बसवावी, तर तिला धरायलाही भिंत लागते. होडीवाली गयावया करायला लागली. केसभर कापा, जेमतेम चालेल एवढं करा, बाकी मी बघते. मास्तर म्हणाले, केसभर कापलं तर चालेल की, चार दिवस किंवा चार महिने. मग एक दिवस होडीत वीस माणसं असतील, खाली बंधाऱ्याकडे ओढ असेल आणि भिंत फुटेल.

ती उलट्या खोक्यावर बसली. नवं इंजिन घ्यायचं तर होडी विकायला हवी, आणि होडी विकली तर इंजिन घालायचं कुठे, असं म्हणून ती हसली. हसू फार टिकलं नाही. अलीकडे दवाखाना नाही, नदीला पूल नाही. उद्या एखादी बाई बाळंतपणात अडली तर तिला पलीकडे कोण नेणार, असं तिने विचारलं. मास्तर गेज पुसून डबीत ठेवायला लागले.

पण पोरगी हुशार होती. तिने ऐकलेलं सगळं मनात पुन्हा लावून पाहिलं. हे इंजिन जन्मात एकदाच कापलं, पुढे पिस्टनच्या रिंगा बदलून निभावलं, असं बाप सांगायचा.

"एकदाच कापलं, म्हणजे वीस नाही, चाळीस नाही. एकदम साठ?"

"एकदम साठ."

"कोण गाढव होता तो? दोन जन्म एका दिवसात खाऊन बसला."

मास्तरांना गप्प बसता आलं असतं. तिचा बाप काही वरून साक्ष द्यायला येणार नव्हता. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि सहाचा पंच काढून ब्लॉकवर ठेवला. त्याचंही शेपूट तुटलेलं होतं.

होडीवालीने पंच पाहिला, ठसा पाहिला, आणि मग मास्तरांकडे पाहिलं. ती खूप बोलली. बाबा मरेपर्यंत तुमचं नाव घेत होते, म्हणाली. जगाला चिक्कूपणा शिकवता आणि आमच्याच वेळी कुठे गेला होता तो, म्हणाली. मास्तरांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. तो चिक्कूपणा याच ब्लॉकनंतर त्यांना जडला होता, पण हे सांगून आता तिचं काय भलं होणार होतं?

"वीसचे पिस्टन यायला आठ दिवस लागणार होते," ते शेवटी म्हणाले. "माझ्या फळीवर साठचेच होते. तू उभी आहेस ना, तिथेच तुझा बाप उभा होता. म्हणाला, आठ दिवस नाहीत मास्तर, आजच कापा."

"बाबांना कसली एवढी घाई होती?"

मास्तरांनी साठच्या खालची काजळी अंगठ्याने पुसली. तारीख वर आली. तिने वाचली. साल तिच्या जन्माचं होतं, आणि दिवस तिच्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधीचा.

"घाई त्याला नव्हती, पोरी," मास्तर म्हणाले. "तुला होती."