निसटलेली लाल गाडी

सीट उचलल्या आणि खालून उंदरांचं अख्खं बिऱ्हाड निघालं.

“त्यांना भाडं लावा,” हवालदारीणबाई दारातून म्हणाल्या. “तेवढीच तुमच्या लाडकीच्या पेट्रोलची सोय.”

हवालदारांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पस्तीस वर्षं चौकात उभं राहून त्यांनी वाहतूक सांभाळली होती. निवृत्त होऊन तीन महिने होत नाहीत तोच भंगारातून ही गाडी ओढून आणली. दोनच सीटची, बिनछपराची, एके काळी लाल असलेली स्पोर्ट्‌सकार. आता तिचं बॉनेट एका रंगाचं, दारं दुसऱ्या रंगाची, आणि मागच्या दिव्याच्या जागी भोक होतं.

“पेन्शनला पाय होतेच,” हवालदारीणबाई आल्यागेल्याला सांगत. “आता चाकंही फुटली.”

सीट शिवायला आलेल्या ताई साठीच्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, कानामागे खडू. वडिलांच्या हाताखाली शिकून आयुष्यभर गॅरेजांतून त्यांनी गाड्यांच्या सीट शिवल्या होत्या.

“एवढा जीव कशाने जडला हो हिच्यावर, हवालदारसाहेब?” त्यांनी विचारलं.

कुणी विचारायचाच अवकाश होता. हवालदारांनी पाना खाली ठेवला.

“तीस वर्षं झाली. सिग्नल लाल. मी हात आडवा केलेला. आणि हीच गाडी, हाच नंबर, माझ्या नाकासमोरून सुसाट गेली. चालवणाऱ्याला टोपी आणि गॉगल. मी शिट्टी फुंकली, मागे धावलो. पण गेला तो गेलाच.”

“मालकाला धरायचं मग.”

“धरला की! त्याचा पाय प्लास्टरमध्ये. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये आहे म्हणाला. गॅरेजमध्ये जाऊन फोरमनपासून गाड्या धुणाऱ्यापर्यंत एकूणएक गडी उभा केला. सगळ्यांचे कानावर हात. अख्ख्या नोकरीत माझ्या हातून निसटला तो एवढा एकच.”

“आणि आज सापडला तर?”

“पावती फाडीन. मग चहा पाजीन आणि विचारीन, बाबा रे, एवढी घाई कसली होती?”

ताईंनी मान खाली घालून उंदरांचं बिऱ्हाड सुपलीत भरलं.

हवालदारीणबाईंनी एकच अट घातली होती. महिनाअखेरीपर्यंत गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली नाही, तर भंगारवाला येऊन नेईल. शेजाऱ्यांना अंगणातून अंग चोरून जावं लागत होतं. दुरुस्तीचे पैसे गाडीत गेल्यामुळे घरातल्या फ्रिजचं दार दोन महिने सुतळीने बांधलेलं होतं, पण त्याबद्दल मात्र त्या चकार शब्द बोलत नव्हत्या.

काम रडतखडत पुढे सरकलं. चामडं परवडणारं नव्हतं, म्हणून ताईंनी बंद पडलेल्या थिएटरच्या खुर्च्यांचं रेक्झिन आणलं. पुढचा दिवा ट्रॅक्टरचा मिळाला. टपालगाड्यांना लावून उरलेला लाल रंग एका पेंटरने फुकटात दिला. डबा ठेवायला त्याला जागा नव्हती.

ताईंनी रेक्झिन पसरलं आणि सरळ कात्री चालवली.

“माप नाही घेतलं?” हवालदार दचकले.

“हाताला ठाऊक असतं.”

कव्हर चढवलं तर सुरकुती नाही. हवालदारीणबाईसुद्धा दोनदा हात फिरवून गेल्या.

दुसरा गिअर मात्र काही केल्या पडेना. हवालदार घामाघूम झाले. ताई शिलाईवरून मान न उचलता म्हणाल्या, “जरा आपल्याकडे ओढून घ्या, मग मागे. या जातीच्या गाड्या रुसक्या असतात.”

गिअर पडला.

महिनाअखेरीला दोन दिवस उरले आणि इंजिनाने असहकार पुकारला. खोकायचं, गुरगुरायचं, गप्प बसायचं. संध्याकाळी हवालदार पायरीवर डोकं धरून बसले. हवालदारीणबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

“भंगारवाल्याला काय, दोन दिवस उशिरा बोलावता येईल,” त्या पुटपुटल्या.

“नको. शब्द म्हणजे शब्द.”

ताईंनी कार्बोरेटर खोलून उजेडात धरला. आतल्या बारीक छिद्रात कचरा अडकला होता. त्यांनी डबीतून सगळ्यात बारीक सुई काढली, हलक्या हाताने छिद्र मोकळं केलं आणि कार्बोरेटर परत बसवला. हवालदारांनी चावी फिरवली. गाडीने एक मोठी शिंक दिली आणि ती धडधडू लागली. हवालदारीणबाईंनी टाळ्या पिटल्या. मग भान येऊन म्हणाल्या, “आवाज केवढा मेलीचा!”

सकाळी पहिल्या फेरीला त्यांना बसायला सांगितलं, तर त्यांनी साफ नकार दिला. “आधी एक चक्कर मारून जिवंत परत या. मग मी पावडर लावते.”

म्हणून ताई बसल्या.

हवालदारांनी गाडी फाटकाबाहेर काढली. वेग वीस. वळणाच्या कितीतरी आधीपासून हात बाहेर. हिरव्या दिव्यालाही थांबून ते दोन्हीकडे बघत होते. दूधवाला सायकलवरून पुढे निघून गेला आणि जाताना त्याने घंटी वाजवली.

“तीस वर्षं हिची वाट बघितली,” हवालदार हिरमुसून म्हणाले, “आणि आता पाय पुढे पडत नाही. ताई, तुम्हाला चालवता येते?”

“येते थोडीफार.”

जागा बदलल्या. ताईंनी आरसा बोटभर वळवला, चष्मा नीट केला आणि डोक्याला रुमाल बांधला. पहिला, दुसरा, तिसरा. झाडं मागे पळू लागली. मोठं वळण गाडीने असं घेतलं की हवालदारांचं पोट एकीकडे आणि ते दुसरीकडे झाले. त्यांनी दाराची कड घट्ट धरली, आणि पोरासारखे खदखदून हसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं.

रिकाम्या रस्त्याच्या कडेला ताईंनी गाडी अलगद उभी केली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“त्या दिवशी माझा पाय ब्रेकवर गेलाच होता, हवालदारसाहेब,” त्या समोर बघत म्हणाल्या. “पण आरशात बघते तर तुम्ही फुलवाल्याच्या बादलीत बसलेले, आणि हसता हसता माझा पाय सुटला.”