गाडी धुवायची शिकवणी

"अगं, त्याच स्पंजनं दार नको पुसूस!"

गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून, गुडघ्यांवर दोन घोंगड्या घेऊन बसलेला रोझेर ओरडला. उशीर झाला होता. त्याच्या बायकोनं, लिझेतनं, चाक पुसलेला स्पंज तसाच दारावर फिरवला होता. रस्त्यावरच्या मिठाचे खडे त्यात अडकलेले. निळ्या रंगावर बारीक ओरखडे उमटले.

"परत चुकलं का?" तिनं विचारलं.

"परत! चाकाचा स्पंज वेगळा, रंगाचा वेगळा. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"मग एखादं शेंबडं पोरच बघ शिकवायला," असं म्हणून तिनं बादली उचलली.

रोझेरला राग आला नाही. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नसे. मूत्रपिंडं निकामी झाल्यानं दोन वर्षं तो आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घेत होता. पावलांतली जाणीव आधीच गेली होती. हळूहळू बाकीचंही बधिर झालं. नदी गोठली, भावाचा फोन आला, नातीचं लग्न ठरलं, सगळं काचेपलीकडून पाहावं तसं तो पाहत होता.

शरद ऋतूत एकदा वाटाण्याचं सूप पिता पिता त्यानं लिझेतला सांगून टाकलं होतं. "मला पुरे झालं. मशीन बंद करायचं म्हणतोय. डॉक्टरांशी बोललोय मी. पंधरा दिवसांत आटोपेल म्हणाले, फारसं दुखणार नाही."

लिझेत रडली नाही. तिनं पावाचा तुकडा मोडला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "पण हिवाळ्यात गाडी कशी धुवायची, मला काही कळत नाही. तेवढं शिकव आणि मग काय ते कर."

मागणी रास्त होती. दुकान, चर्च, बहिणीचं घर, सगळं त्या नदीकाठच्या रस्त्यानंच. बर्फ वितळावा म्हणून ट्रक तिथं एप्रिलपर्यंत मीठ ओतत राहतात. आधीच्या गाडीचा तळ मिठानं असा खाल्ला होता की पायाखालून पळता रस्ता दिसायचा. एकट्या बाईनं त्या रस्त्यावर गंजक्या गाडीनं जायचं म्हणजे जिवाशी खेळ. रोझेरनं शब्द दिला. ती शिकेपर्यंत मशीन चालू ठेवायचं.

नाताळापर्यंत आटोपेल असा त्याचा अंदाज होता. पण लिझेतचं डोकं म्हणजे दगड निघालं. जन्मभर गावच्या शाळेत गणित शिकवलेली बाई, पण पाणी आधी गाडीच्या पोटाखाली मारायचं की टपावर, एवढं तिच्या लक्षात राहीना. दाराखालची पाणी निथळायची भोकं तिनं मेणानं बुजवून टाकली. दारांचं रबर न पुसताच गाडी उभी केली, तर सकाळी चारही दारं गोठून बसली. आणि एकदा तर गाडी बिचारी गारठली असेल म्हणून मिठानं माखलेली तशीच आणून तापवलेल्या गॅरेजमध्ये लावली.

"उबेत मीठ पत्रा दुप्पट खातं, बाई!" रोझेरनं कपाळावर हात मारला. "बाहेर गोठलेलं असतं तेव्हा गप्प तरी बसतं!"

"असं होय?" लिझेत म्हणाली. "मला वाटलं, आपल्यासारखंच तिचंही."

म्हातारपण, दुसरं काय, असं रोझेरनं स्वतःला समजावलं. नाताळ गेला. जानेवारीही गेला. तो मशीनवर जात राहिला.

फेब्रुवारीत एक दिवस थंडी जरा ओसरली. पागोळ्या ठिबकायला लागल्या. असा दिवस म्हणजे गाड्या धुवायचा. इस्पितळातलं काम त्या दिवशी लवकर उरकलं आणि रुग्णांना घरी सोडणारी गाडी रोझेरला घेऊन दुपारीच गल्लीत वळली.

शेजारच्या इव्हॉनच्या अंगणात त्याची गाडी उभी होती. तिच्याखाली कोणीतरी आडवं होऊन पाण्याचा फवारा मारत होतं. मग ते माणूस उठलं. लिझेत होती.

"हॉर्न देऊ का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नको. थांब जरा."

काचेतून रोझेर पाहत राहिला. तिनं चाकांच्या कमानींतला चिखल बोटांनी खरवडून काढला. चाकांचा स्पंज बाजूला टाकला, दारासाठी दुसरा घेतला. विणायच्या सुईनं दाराखालची भोकं एकेक करून मोकळी केली. रबरं कोरडी पुसली. खालच्या कडांना मेण लावलं, जिथं मीठ आधी धरतं तिथं. कुठं अडली नाही, कुणाला विचारलं नाही. इव्हॉन काठी टेकत बाहेर आला आणि तिच्या हातात कॉफी देत म्हणाला, "दोन वर्षं झाली, तुझ्यामुळेच निभावतंय माझं, लिझेत."

काच थोडी उघडी होती. रोझेरला ते नीट ऐकू गेलं.

फसवलं होतं बाईनं. सबंध हिवाळाभर, स्वतःच्या गाडीवर ओरखडे काढून घेऊन. त्याला राग यायला हवा होता. राग आला नाही, पण आत कुठंतरी दुखलं. दुखणं ही गोष्टच तो विसरला होता.

"गल्लीला एक वळसा घाल," तो ड्रायव्हरला म्हणाला. "तिला आवरू दे."

तो घरी पोचला तेव्हा लिझेत दारात उभी होती, हात लालबुंद. त्यांची निळी गाडी अंगणात तशीच मिठानं पांढरी पडलेली.

"हवा चांगली आहे," ती म्हणाली. "आज धुऊया? फक्त एवढं सांग, पाणी आधी टपावर ना?"

रोझेर खुर्चीत टेकला. ती नजर चुकवून बादलीतल्या पाण्याकडे पाहत होती.

"तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही, लिझेत," तो म्हणाला. "या हिवाळ्यात तर नाहीच नाही. पुढच्या हिवाळ्यात पहिल्यापासून सुरू करू."