सातशे पाहुण्यांची जागा

"हा जिना कोणासाठी बांधला होता, शेळ्यांसाठी?" आजीबाई मधल्या पायरीवरच थांबल्या.

मॅनेजरने हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला, आणि दोन पायऱ्या चढल्यावर मुकाट्याने धरला.

गावाबाहेर फळबागेच्या मधोमध असलेलं हे दगडी घर लग्नांसाठी भाड्याने दिलं जायचं. यंदा मात्र एकही मोठं लग्न ठरलेलं नव्हतं. मालकाने बजावून ठेवलं होतं, "हे सातशे माणसांचं लग्न हातचं गेलं, तर मी घराला कुलूप लावतो. तू दुसरं काम बघ." मॅनेजर आणि त्याची आई घरामागच्याच दोन खोल्यांत राहत. काम गेलं की डोक्यावरचं छप्परही जाणार होतं.

म्हणून तो सगळं ऐकून घेत होता. आजीबाईंची ही तिसरी फेरी. पहिल्यांदा त्या एकट्याच आल्या आणि हॉलला नाक मुरडून गेल्या. दुसऱ्यांदा मुलाला आणि सुनेला घेऊन आल्या. ती दोघं तोंडातून शब्द न काढता परत गेली. आज बरोबर नात होती. लग्न तिचंच.

नात दातांची डॉक्टर होती. "दिवसभर लोकांची तोंडं उघडायला लावते," आजीबाई म्हणाल्या, "स्वतःचं उघडेल तर शपथ."

"नवरदेव नाही आले?" मॅनेजरने विचारलं.

"त्याला काम आहे."

तीन फेऱ्या झाल्या आणि हा फिरकला नाही, कसला मेला नवरा, असं मॅनेजरच्या मनात आलं. पण गिऱ्हाइकाच्या जावयाला नावं ठेवायचा पगार त्याला मिळत नव्हता. त्याने नवरीच्या खोलीचं दार उघडलं.

आजीबाई न्हाणीघराचे नळ सोडून बघायला गेल्या. नात खिडकीशी उभी राहिली.

"किती वर्षं आहात इथे?"

"आठ."

"दर आठवड्याला दुसऱ्यांची लग्नं. कंटाळा नाही येत?"

"येतो. पण जेवण चांगलं असतं."

ती हसली. आतून आजीबाई ओरडल्या, "नळाला पाणी कमी आहे!"

"टाकी भरतेय, आजी. थोड्या वेळाने येईल," मॅनेजर म्हणाला.

"आणि छत? गळतं का?"

गळतीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा मालकाचा हुकूम होता.

"कोपऱ्यातल्या खोलीत गळतं," मॅनेजर म्हणाला. "बाकी कोरडं आहे."

"मागच्या वेळी नाही सांगितलंस ते."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"आजही नसतं विचारलं तर?"

"ती खोली तुमच्या पाहुण्यांना दिलीच नसती."

"हं," आजीबाई म्हणाल्या. त्यात बरं होतं की वाईट, ते त्यांनाच ठाऊक.

खाली हॉलमध्ये त्यांच्या काठीचा धक्का लागून फुलदाणी पडली आणि तिचे तुकडे झाले. झाडू घेऊन कामाची बाई धावली.

"मावशी, थांबा. तुमच्या पायात काही नाही. मी उचलतो," मॅनेजर म्हणाला आणि गुडघ्यावर बसला.

"महागाची होती?" आजीबाईंनी विचारलं. आवाज असा, जणू फुलदाणीनेच त्यांना धक्का दिला होता.

"दिसायला होती," तो म्हणाला.

चहा आला. आजीबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी? कोणी केला?"

"मी. स्वयंपाकी आज रजेवर आहे."

"तरीच."

तो कप घेऊन आत गेला आणि दुसरा चहा करून आला. तो त्यांनी तळापर्यंत प्यायला, पण बरा झाला म्हणून म्हणतील तर त्या आजीबाई कसल्या! कप ठेवून त्यांनी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला, बागेत सातशे माणसं मावतील का?

मॅनेजरचा धीर तिथे सुटला. "आजी, सातशे खुर्च्या मांडून दाखवू का? तुम्ही एकेकीवर बसून बघा!"

बोलला आणि त्याने जीभ चावली. आजीबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. नात पदर नसताना पदर शोधावा तसा हात तोंडापाशी नेऊन हसत होती.

"चला," आजीबाई उठल्या.

व्हरांड्यात येऊन त्यांनी निकाल दिला. "जिना अरुंद, छत गळकं, हॉलमध्ये काळोख. मला नाही पसंत."

मॅनेजरच्या डोळ्यांसमोर घरामागच्या दोन खोल्या आल्या, आणि आईची चूल.

"नदीपलीकडे एक घर आहे," तो म्हणाला. "तिथला जिना रुंद आहे. तुमच्या गुडघ्यांना बरं पडेल. ड्रायव्हरला रस्ता सांगतो."

आजीबाई नातीकडे वळल्या. "ऐकलंस? आता तरी तोंड उघड."

"मी वरच्या खोलीतच ठरवलं होतं," नात म्हणाली. "नळ आणि छत तुलाच तपासायचे होते."

मॅनेजरच्या जिवात जीव आला. नवरीला आवडलं असेल, तर म्हातारीचं मन वळवता येईल. तो घाईने म्हणाला, "आजी, ताईंना पसंत असेल तर जिन्याला कठडा लावून घेतो. छत या आठवड्यात दुरुस्त करतो. जागेचा तेवढा पुन्हा विचार करा."

"जागेचा विचार मी कशाला करू?" आजीबाई व्हरांड्यातल्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या. "दिवाणखान्यात इस्त्रीचा शर्ट घालून बसलेली पोरं पुष्कळ बघितली, म्हणून यंदा तुला कामावर येऊन बघितलं. आता तुझी ना नसेल, तर मागे जा आणि आईला बोलावून आण. जागा ठरवणं मुलाकडच्यांचं काम."