मधली भिंत

वर्ध्याच्या नव्या कॉलनीत भिंतीला भिंत लागून सहा घरं विकायला निघाली. कडेच्या घराचा सौदा देवकाबाईंनी तोंडी पक्का केला. त्याच घरावर डोळा असलेल्या लक्ष्मणरावांनी मालकाचे कान भरले, "बोहणी विधवेच्या हातून? बाकीच्या घरांले गिऱ्हाईक नाई भेटणार." आणि ते घर स्वतःच घेतलं.

महिन्याभरानं देवकाबाई पेढे घेऊन आल्या. "बाजूचं घर घेतलं, भाऊजी."

लक्ष्मणराव वरमले. "राग नाई ना, वहिनी? या, घर पाहा."

मधल्या भिंतीपाशी देवकाबाई थांबल्या. "इथं कोण झोपते?"

"मीच. मोठी निवांत खोली हाय."

"बरं झालं विचारलं. पिठाची चक्की कोणत्या भिंतीले बसवू, म्हणून मिस्त्री सकाळपासून विचारून राह्यला."