काळा कोट

आईच्या पंचाहत्तरीची फिल्म मीच एडिट करायला घेतली. घरात माझ्याइतका मोठा कलाकार दुसरा आहे कोण! अडचण एकच होती: घरच्या एकाही क्लिपमध्ये मी सापडेना. दर वेळी कुठल्या ना कुठल्या कामावर. म्हटलं, मग लेयर कशासाठी असतात? काळ्या पडद्यासमोर उभा राहून स्वतःला शूट केलं, ती क्लिप आईच्या सहलीच्या क्लिपवर ठेवली आणि ब्लेंड मोड ‘स्क्रीन’ केला. त्यात वरच्या क्लिपमधलं काळं तेवढं नाहीसं होतं. नवशिक्यांना हे मीच शिकवतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

पडदा नाहीसा झाला. पण आईसाठी हौसेने घातलेला काळा कोटही गेला, काळी पँटही गेली. केस आधीच गेलेले, त्यामुळे तिथे नुकसान नाही. उरलं फक्त माझं तोंड आणि हातातला चकाकणारा मोबाईल, कारण शूटच्या मधेच क्लायंटचा मेसेज आला होता. ओपॅसिटी कमी करून स्वतःला जरा पुसट केलं, तर आईच्या मागे भूत लागल्यासारखं दिसायला लागलं.

आई खुर्चीमागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

“चुकलंय गं. काढून टाकतो मला,” मी ओशाळून म्हणालो.

तिने चष्मा सारखा केला आणि वाकून नीट पाहिलं.

“राहू दे की. घरी तू एवढाच तर येतोस.”