चतकोर

आमच्या शिरूरच्या लॅबमध्ये बोनमॅरो बदललेल्या उंदरांच्या अंगात नवं रक्त कसं तयार होतं, ते बघतात. नोंदी मी ठेवते. पिंजरे गौतमीताई सांभाळतात. त्या वडगाव रासाईहून येतात.

एका मादीची पिल्लं वेगळी केली, तेव्हापासून ती रोज खाद्याची एक गोळी डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवायची. तिला तोंड लावायची नाही. पुढं तिच्या मांडीच्या हाडांतला बोनमॅरो काढून आम्ही दहा नरांना दिला. त्यासाठी मादीला मारावंच लागतं.

बाराव्या दिवशी नरांच्या अंगात नवं रक्त तयार व्हायला लागलं. चौदाव्या दिवशी गौतमीताईंनी हाक मारली.

"मॅडम, ह्ये बघा."

दहाही पिंजऱ्यांत डाव्या कोपऱ्यात एकेक गोळी होती.

"ह्यांनी तर पिल्लं कवा बघितलीच न्हाईत," त्या म्हणाल्या.

मी उगाच चिडले. योगायोग असेल म्हटलं आणि गोळ्या उचलायला लावल्या. दुसऱ्या दिवशी गोळ्या परत तिथंच. वहीत 'वागणूक' या रकान्यात मी 'सामान्य' असं लिहिलं.

डबा खाताना मांडवगणहून आईचा फोन आला. माझ्या भावाला, रविराजला, रक्ताचा कॅन्सर होता. दोन महिन्यांपूर्वी कुणा अनोळखी माणसाचा बोनमॅरो त्याला दिला.

"रवी बरा हाय गं. जेवतोय बी चांगला. फकस्त रोज चतकोर भाकरी ताटाभायेर काढून ठिवतो. कुणाला म्हणून इचारलं, तर म्हणतो, बारकीला."

मी डब्याचं झाकण लावलं.

"आपल्यात बारकी कोण हाय गं?"